शाळा बघून घर घेतलं, आता शाळेत जागा नाही



यंदाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत उभे असताना आमच्या पुढे एक वाद चांगलाच रंगला होता. रांगेतले नेहमीचे वाद ठरलेले असतात. मसालेभात पुरणार की नाही, पुढच्या वर्षी नाटक कुणाचं आणायचं, हॉलचं भाडं का वाढलं. या वेळचा विषय मात्र शाळेतल्या गर्दीचा होता. एका बाजूला मंडळाचे जुने सभासद, सत्तरच्या दशकात इथे आलेले, ज्यांना आपण सगळे नुसतं 'काका' म्हणतो ते. दुसऱ्या बाजूला दीड वर्षापूर्वी टेक्सासहून बदली होऊन आलेला एक तरुण बाप, एक मूल कडेवर आणि एक हाताला.

"आमची मुलं शिकून केव्हाच गेली," काका म्हणत होते. "आता आम्ही दोघंच. शाळेला खोल्या बांधायच्या म्हणून अजून किती घरपट्टी भरायची?"

"काका, घरपट्टी मीही भरतोच, भाड्यातून," तो तरुण म्हणाला. "माझी मुलगी तिसरीत अठ्ठावीस मुलांच्या वर्गात बसते. पण मत तुम्हाला आहे, मला नाही."

यावर काका काही बोलले नाहीत. जिलबीचं ताट पुढे सरकलं आणि वाद तिथेच थांबला. पण आम्हाला ते वाक्य लागलं. कमिटीच्या पुढच्या बैठकीत आम्ही म्हटलं, "या विषयावर वार्तापत्रात काहीतरी यायला हवं." आणि मंडळांचा नियम आपल्याला माहीतच आहे. जो सुचवतो, त्यानेच करायचं. म्हणून हा लेख. आमचा पेशा रसायनशास्त्राचा, शिक्षणशास्त्राचा नव्हे. पण घरात दोन मुलं आहेत, दोन्ही पब्लिक स्कूलमध्ये आहेत, आणि आमचं गाव एडिसनपासून फार दूर नाही. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

गर्दी दिसते कशी?

आपण सगळे न्यू जर्सीत या भागात का आलो? नोकरी हे एक कारण. पण घर घेताना आपण काय बघितलं? स्वयंपाकघर नंतर, आधी शाळा. एजंटनेही घर दाखवण्याआधी शाळेचं नाव सांगितलं. आपण शाळा बघून आलो, आपल्यासारखे आणखी आले, त्यांचे मित्र आले, आणि ज्या शाळेसाठी आलो तीच शाळा भरून गेली. यात कुणाचा गुन्हा नाही. पण 'गर्दी बाहेरून आली' असं म्हणताना ती गर्दी म्हणजे आपणच आहोत, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

गर्दी एकदम दिसत नाही. आधी संगीताची खोली जाते. तिथे एक वर्ग बसतो आणि संगीताच्या बाई वाद्यं ढकलगाडीवर घालून वर्गावर्गात फिरतात. मग चित्रकलेची तीच गत. मग ज्याला अभ्यासात जास्त मदत लागते त्या मुलाची शिकवणी जिन्याखाली किंवा कॉरिडॉरमध्ये होते. जेवणाच्या पाळ्या वाढतात. आमची धाकटी साडेदहाला जेवायची आणि तीनला घरी आल्यावर समोर येईल ते खायची. हे सगळं होत असताना गावाच्या अहवालात मात्र 'सरासरी वर्गसंख्या' छानच दिसते, कारण पाच-सहा मुलांचे खास वर्गही त्याच सरासरीत धरलेले असू शकतात.

मागच्या वर्षी पालकसभेला जाताना आम्ही खिशात कार्बन डायऑक्साइड मोजण्याचं एक छोटं यंत्र नेलं होतं. (घरचे म्हणाले, "तिथे तरी नको.") बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. लहानशा वर्गात तीसेक पालक, दारं-खिडक्या बंद. पाऊण तासात आकडा १,६०० च्या वर गेला. एवढ्याने कुणाला विषबाधा होत नाही, घाबरू नये. पण माणसाच्या उच्छ्वासात हा वायू शेकडा चारच्या आसपास असतो, म्हणून खोलीतला आकडा चढला की समजावं, आपण एकमेकांची वापरलेली हवा पुन्हा घेतो आहोत. खोली जितक्या माणसांसाठी बांधली त्याहून जास्त माणसं तिथे बसली आहेत, एवढंच ते यंत्र सांगतं. आम्ही पाऊण तास बसलो. मुलं रोज सहा तास बसतात.

अजून एक साधं गणित. एका इयत्तेत ७५ मुलं आहेत, २५ चे तीन वर्ग. उन्हाळ्यात १२ मुलं नवी आली. आता एकतर २९ चे तीन वर्ग करा, नाहीतर बावीसेकचे चार. पण चौथ्या वर्गाला एक पूर्ण खोली लागते आणि एक पूर्ण शिक्षक लागतो. अर्धी खोली बांधता येत नाही. ग्लासभर पाण्यात साखर विरघळते, विरघळते, आणि एका चमच्यानंतर तळाशी बसायला लागते, तसं हे आहे. नव्या घरांतून घरपट्टी थोडी थोडी येते, खर्च मात्र पायरीसारखा एकदम चढतो.

वर्ग लहान असल्याने खरंच फरक पडतो का? टेनेसी राज्यात १९८५ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. किंडरगार्टन ते तिसरीपर्यंतची मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून काहींना १३ ते १७ च्या वर्गात, काहींना २२ ते २५ च्या वर्गात बसवलं. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे राहिली, आणि गरीब घरांतल्या मुलांचा फायदा सर्वांत जास्त झाला. प्रयोगशाळेत आम्ही ज्याला चांगला प्रयोग म्हणतो, तसा तो होता.

पण चांगला निष्कर्ष घाईने राबवला की काय होतं, तेही बघा. कॅलिफोर्नियाने १९९६ साली पहिल्या इयत्तांचे वर्ग २० मुलांपर्यंत खाली आणायचे ठरवले. पैसे दिले, पण खोल्या आणि शिक्षक एका उन्हाळ्यात कुठून येणार? वाचनालयांत वर्ग भरले, मैदानांवर तयार खोल्या आणून ठेवल्या, आणि पूर्ण प्रशिक्षण नसलेले अनेक शिक्षक नेमावे लागले. तात्पर्य, खोलीचा विचार आधी.

उपाय कोणकोणते?

कुठल्याही गावाची सभा घ्या, तेच पाच उपाय पुढे येतात.

पहिला उपाय ट्रेलरचा. मैदानात तयार खोल्या आणून ठेवायच्या. लवकर होतं, स्वस्त वाटतं. पण 'तात्पुरती' खोली पंधरा वर्षं तिथेच राहते. बाथरूमला जायला मूल थंडीत बाहेरून येतं. कॅलिफोर्निया राज्याच्या दोन खात्यांनी अशा खोल्यांची पाहणी केली, तिचा अहवाल २००४ साली आला. त्यात अपुरी हवा आणि दाबलेल्या लाकडी फळ्यांतून सुटणारं फॉर्मल्डिहाइड, या दोन्ही तक्रारी होत्या. ट्रेलर आणायचाच असेल तर हवा खेळती आहे का आणि तो कधी जाणार, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

दुसरा उपाय हद्दी बदलण्याचा. एक शाळा भरली आहे आणि शेजारच्या शाळेत चार खोल्या रिकाम्या आहेत, तर रेषा सरकवायची. खर्च जवळजवळ नाही. पण गावात सर्वांत जास्त आरडाओरडा याच उपायावर होतो, कारण रेषा सरकली की घराची किंमत सरकेल अशी भीती असते. खरं सांगायचं तर या बाबतीत आपली मंडळीही मागे नाहीत. 'गर्दी कमी करा, पण आमची गल्ली सोडून' हे वाक्य आम्ही शुद्ध मराठीतही ऐकलं आहे.

तिसरा उपाय पाळ्यांचा. आपल्याला याचं नवल नाही. पुण्या-मुंबईत आपल्यापैकी निम्मे लोक सकाळच्या शाळेत शिकले, उरलेले दुपारच्या. पण तेव्हा घरी आजी होती आणि शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती. इथे दोन्ही पालक नोकरीला आणि बस एकच. लॉस एंजेलिसने दुसरा प्रकार करून पाहिला. वर्षभर शाळा उघडी, मुलांचे गट आळीपाळीने सुटीवर. त्यातल्या एका वेळापत्रकात मुलांना १८० ऐवजी १६३ च दिवस शाळा मिळायची, दिवस थोडा लांबवून. २००० साली राज्यावर खटला झाला, आणि २००४ च्या तडजोडीत ते वेळापत्रक २०१२ पर्यंत बंद करायचं ठरलं.

चौथा उपाय नवी घरं थांबवण्याचा. ऐकायला सोपा, करायला अवघड. न्यू जर्सीत बिल्डरकडून गावाला रस्ते, पाणी, सांडपाणी आणि निचरा यांच्या खर्चाचा वाटा मागता येतो, शाळेचा मागता येत नाही. कॅलिफोर्नियात १९८६ पासून मागता येतो. शिवाय न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ आणि १९८३ च्या माउंट लॉरेल निकालांत सांगितलं आहे की प्रत्येक गावाने परवडणाऱ्या घरांना आपल्या वाट्याची जागा द्यायलाच हवी. म्हणून अनेक गावं ५५ वर्षांवरच्या लोकांच्या वसाहतींना आनंदाने परवानगी देतात. घरपट्टी येते, मुलं येत नाहीत. १९८८ पासून घर देताना मुलं असलेल्या कुटुंबाला नकार देता येत नाही, पण ज्येष्ठांच्या वसाहतींना यातून सूट आहे. गावाचा हिशेब जुळतो. पण मूल म्हणजे नुसता तोटा, असं धरूनच तो मांडलेला असतो.

पाचवा उपाय बांधण्याचा. त्यासाठी कर्जरोखे काढायचे आणि कर्जरोख्यांसाठी सार्वमत घ्यायचं. न्यू जर्सीत साधं बहुमत पुरतं. २००० च्या कायद्याप्रमाणे सार्वमतात मंजूर झालेल्या कामाच्या पात्र खर्चातला किमान ४० टक्के वाटा राज्याने उचलायचा आहे. हा मुद्दा सभेत फार थोड्यांना माहीत असतो. गावाने 'नको' म्हटलं तर आपले राज्याला गेलेले कर दुसऱ्या गावाच्या खोल्या बांधायला जातात.

एडिसनमध्ये काय झालं?

एडिसनच्या शाळांत सोळा हजारांवर मुलं, त्यात आपल्या देशातून आलेल्या घरांची मुलं भरपूर. १० डिसेंबर २०१९ रोजी तिथे १८ कोटी ९५ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांवर सार्वमत झालं. शाळांना नवे वर्ग जोडून गर्दी कमी करायची अशी योजना होती. मतदारांनी ती नाकारली.

नाकारणाऱ्या सगळ्यांना मुलांशी वैर होतं असं आम्ही म्हणणार नाही. न्यू जर्सीची घरपट्टी देशात सर्वांत जड, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग शाळांचा. पेन्शनवर राहणाऱ्या माणसाला ती खरोखर टोचते. पण 'नको' म्हटल्याने एकही मूल कमी झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलं त्याच वर्गांत बसली.

याच गावाची आधीची एक गोष्ट विसरता येत नाही. २०१७ च्या शाळा मंडळाच्या निवडणुकीआधी घरोघरी निनावी पत्रकं आली. त्यांत फाल्गुनी पटेल आणि जेरी शी या दोन उमेदवारांचे फोटो, आणि वर 'डिपोर्ट' असा शिक्का. चिनी आणि भारतीय लोक गाव बळकावत आहेत, असा सूर. दोघंही निवडून आले, हे गावाच्या सुज्ञपणाचं. पण शाळेतल्या गर्दीची तक्रार किती पटकन 'ही कुणाची मुलं?' या प्रश्नावर घसरते, ते तेव्हा दिसलं. त्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात देऊन ठेवलं आहे. आईबापांचे कागद कसेही असोत, इथे राहणाऱ्या मुलाला पब्लिक स्कूल नाकारता येत नाही. आणि 'भाडेकरू कुठे कर भरतात?' असं कुणी म्हटलंच तर राज्याचा आयकर फॉर्म दाखवा. न्यू जर्सी तुमच्या भाड्याचे १८ टक्के घरपट्टी म्हणूनच धरते.

मोजणीत कोण येतं?

आता मूळ मुद्दा. आमच्या मते गर्दीच्या या चर्चेत आपण फक्त एकाच यादीत असतो, मुलांच्या. मतदारांच्या यादीत नसतो, सभेत बोलणाऱ्यांच्या यादीत नसतो.

पहिली कबुली आम्हीच देतो. आम्ही नागरिक झालो त्या दिवशी फोटो काढले, पेढे वाटले. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला आवर्जून गेलो. पण शाळा मंडळाच्या निवडणुकीत पहिली चार वर्षं मत दिलं नाही. मतपत्रिकेत ती नावं खाली असतात, कोण कोण आहे ठाऊक नव्हतं, रकाना कोरा सोडून आलो. आणि त्याच काळात घरी बसून साडेदहाच्या जेवणाबद्दल कुरकुर करत होतो. लिहायला लाज वाटते, पण अशी घरं आपल्यात आणखीही असतील, म्हणून लिहिलं.

तेव्हा जे नागरिक आहेत त्यांनी निवडणुकीच्या निदान २१ दिवस आधी नावनोंदणी करावी. बाहेर जायचा कंटाळा असेल तर टपालाने मत देता येतं, कारण सांगावं लागत नाही. शाळेची सार्वमतं बऱ्याचदा नोव्हेंबर सोडून डिसेंबर, जानेवारी किंवा मार्चमध्ये येतात. फार थोडे लोक जातात, म्हणून एकेका मताचं वजन वाढतं.

जे एच-वन-बीवर किंवा ग्रीन कार्डवर आहेत त्यांनी मतदार नोंदणीच्या कागदावर चुकूनही सही करू नये. लायसन्स काढताना खिडकीवर विचारलं तरी स्पष्ट 'नाही' म्हणावं. पुढे नागरिकत्व मिळवताना फार महाग पडतं. पण मत नाही म्हणजे तोंड नाही, असं नव्हे. १९७५ च्या कायद्याप्रमाणे न्यू जर्सीत शाळा मंडळाच्या बैठका खुल्या असतात, आणि जनतेला बोलायला वेळ द्यावाच लागतो. तिथे पासपोर्ट विचारत नाहीत. नाव आणि गाव सांगायचं आणि दोन-तीन मिनिटांत मुद्दा मांडायचा. इंग्रजी अडखळलं तरी चालतं. कागदावर लिहून नेलं तर उत्तम.

काय बोलायचं? आम्ही तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत. सरासरी नको, प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक इयत्तेची वर्गसंख्या किती? कुठल्या खोल्या मूळ कामासाठी वापरल्या जात नाहीत? पुढच्या पाच वर्षांत किती मुलं येतील याचा अंदाज कशावरून काढला, आणि मागचा अंदाज किती चुकला? या तीन उत्तरांवर ट्रेलर, हद्द की इमारत, हे बरंचसं ठरतं.

काकांचा प्रश्न

लेख लिहायला घेतल्यावर आम्ही काकांकडे चहाला गेलो. त्यांनी एक प्रश्न विचारला, तो खरोखर चांगला आहे. "कर्ज वीस-तीस वर्षं फेडायचं. तोपर्यंत मुलं राहतील का?"

लॉस एंजेलिसचाच दाखला घ्या. तिथे १९९७ ते २००८ या काळात पाच वेळा कर्जरोखे मंजूर झाले, शंभराहून अधिक नव्या शाळा उभ्या राहिल्या. आणि बांधकाम चालू असतानाच मुलं कमी व्हायला लागली. जिथे एके काळी सात लाखांहून जास्त विद्यार्थी होते, तिथे आज त्याहून कितीतरी कमी आहेत. म्हणजे काकांची भीती पोकळ नाही. पण मधल्या वर्षांत जी पिढी १६३ दिवसांची शाळा शिकून बाहेर पडली, तिला ते दिवस कुणी परत दिले नाहीत. इमारत उद्या वेगळ्या कामाला लावता येते, तिसरी इयत्ता उद्यावर ढकलता येत नाही. म्हणून आमचं मत असं की आधी हद्दी सरळ कराव्यात, मग आकडे तपासून लागतील तेवढ्याच पक्क्या खोल्या बांधाव्यात, आणि ट्रेलर आणलाच तर त्याच्या जाण्याची तारीख आधी ठरवावी. सगळ्यांना पटेल असं नाही. न पटल्यास जरूर लिहा, पुढच्या अंकात छापू.

काकांना आम्ही एवढंच म्हटलं, "तुमची मुलं शाळेत होती तेव्हा तुमच्या शेजारच्या आजोबांनी घरपट्टी भरली होती." काका हसले. म्हणाले, "तो आयरिश म्हातारा दर वर्षी कुरकुर करायचा. पण भरायचा." मत कसं देणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मात्र पुढच्या सभेला येतो म्हणाले. बोलायला नव्हे, ऐकायला.

आपली रविवारची मराठी शाळाही अशाच एका पब्लिक स्कूलच्या वर्गात भरते. आपली मुलं त्याच बाकांवर बसून 'क, ख, ग' गिरवतात. त्या इमारतीत आपण आठवड्याचे सहा दिवस आहोत, मग गावाच्या सभेतही एखाद्या संध्याकाळी असायला हरकत नसावी. आपापल्या गावाच्या शाळा मंडळाच्या पुढच्या बैठकीची तारीख बघून ठेवा. ज्यांना एकट्याने जायला संकोच वाटतो त्यांनी रविवारी मराठी शाळेत आम्हाला भेटावं. गाडीत चार जागा आहेत, आणि थर्मासमध्ये चहा असेल.